भयाचे अपादान : चंद्रपूर–गडचिरोलीच्या संदर्भात एका उपचारपद्धतीचा इतिहास

संस्कृत व्याकरणात भय आणि रक्षण या अर्थांच्या धातूंना एक विशेष स्थान आहे. ज्यापासून भय उत्पन्न होते किंवा ज्यापासून रक्षण करावयाचे असते, त्यास पाणिनीने अपादान ही कारकसंज्ञा दिली आहे. मराठीत विभक्तीचे रूप बदलले. माणूस वाघाला भितो, किंवा त्याला वाघाची भीती वाटते. परंतु वाक्यातील ती जागा मात्र कायम राहिली. भीतीचे वाक्य उच्चारले की ‘कशाची?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत वाक्य अपुरे वाटते.

ज्या भीतीला असे अपादान सापडत नाही, तिचे काय करावयाचे? घरात स्वस्थ बसलेल्या माणसाचे काळीज एकाएकी धडधडू लागते, घाम फुटतो, श्वास कोंडतो, हातापायांना मुंग्या येतात आणि आपण आता मरणार किंवा वेडे होणार असे त्यास वाटू लागते. ही अवस्था काही मिनिटांतच शिगेला पोहोचते आणि नंतर ओसरते. समोर वाघ नसतो, साप नसतो, चोरही नसतो. आजच्या मराठीत या अवस्थेस ‘पॅनिक अटॅक’ हे इंग्रजी नावच रूढ झाले आहे. या विकारावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेल्या बोधात्मक वर्तनोपचाराचा इतिहास म्हणजे, एका अर्थाने, या रिकाम्या अपादानाच्या शोधाचा इतिहास होय. चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांच्या संदर्भात तो तपासणे दोन कारणांनी उपयुक्त ठरते. येथे भयाची खरी कारणे पुष्कळ आहेत. आणि ज्या भाषांत ते भय सांगितले जाते, त्या भाषाही अनेक आहेत.

‘पॅनिक’ हा शब्दच मुळात अरण्यातून आलेला आहे. प्राचीन ग्रीकांचा ‘पान’ हा रानांचा आणि गुराख्यांचा देव. निर्जन रानात वाटसरूला किंवा गुरांच्या कळपाला कारणावाचून जी घबराट सुटते, ती या देवाची करणी मानली जाई. कारण दिसत नाही तेथे मनुष्य कारणाची जागा रिकामी ठेवत नाही. ती तो कोणाच्या तरी नावाने भरतो, ही गोष्ट या व्युत्पत्तीतूनच स्पष्ट होते.

भयाची शारीरिक लक्षणे भारतीय वाङ्मयास अपरिचित नव्हती. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाची गात्रे गळतात, तोंडाला कोरड पडते, शरीराला कंप सुटतो, रोमांच उभे राहतात, अंगाचा दाह होतो, हातातून धनुष्य गळते, उभे राहवत नाही आणि मन भ्रमल्यासारखे होते. आधुनिक वैद्यकातील लक्षणांच्या यादीशी ही यादी बरीच जुळते. अर्जुनाच्या व्यथेचे कारण अर्थातच त्याच्या समोर उभे होते; तेव्हा त्याला पॅनिक विकाराचा रुग्ण ठरविणे हा इतिहासाचा विपर्यास होईल. एवढेच म्हणता येईल की, शरीर आणि विचार यांची परस्परांत गुंतलेली साखळी या परंपरेने बारकाईने पाहिली होती. मराठी वाक्प्रचारांतही तीच दृष्टी आढळते. छातीत धस्स होते, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, बोबडी वळते, तोंडचे पाणी पळते. या सर्व वाक्यांत कर्तेपण देहाकडे आहे; माणूस त्या घटनेचा केवळ साक्षी आहे.

सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी मनास संबोधून २०५ श्लोक रचले. स्वतःच्या मनाशी संबोधनात बोलणे, त्यास समजावणे आणि वळण लावणे हा प्रकार त्यामुळे मराठी घराघरांत पोहोचला. अलीकडे काही अभ्यासक या श्लोकांत बोधात्मक उपचाराचे बीज पाहतात. साम्य आहे, परंतु भेदही महत्त्वाचा आहे. मनाच्या श्लोकांत सत्य आधीच ज्ञात आहे आणि मनाने ते स्वीकारावयाचे आहे. उलट आधुनिक उपचारात रुग्णाचे विधान हे एक अनुमान मानले जाते, आणि ते खरे की खोटे हे त्याने स्वतः अनुभवाने तपासावयाचे असते. पहिल्यात उपदेश आहे, दुसऱ्यात परीक्षा आहे.

युरोप–अमेरिकेतील इतिहास १८७१ पासून पाहता येतो. त्या वर्षी अमेरिकन डॉक्टर जेकब दा कोस्टा यांनी यादवी युद्धातील सैनिकांच्या धडधडणाऱ्या हृदयाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कार्ल वेस्टफाल यांनी मोकळ्या चौकातून जाण्यास भिणाऱ्या रुग्णांचे वर्णन करून त्या विकारास नाव दिले. एकाने कारण हृदयात शोधले, दुसऱ्याने स्थळात. पुढे १८९५ मध्ये फ्रॉइड यांनी ‘चिंतामनोविकृती’ वेगळी काढली. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी भीतीच्या विषयाला पायरीपायरीने सामोरे नेण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टर क्लेअर वीक्स यांनी सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहून सांगितले की, भीतीशी झुंजू नये; तिला सामोरे जावे, तिचा स्वीकार करावा आणि काळ जाऊ द्यावा. डोनाल्ड क्लाइन यांनी इमिप्रामीन या औषधाने असे झटके थांबतात हे याच सुमारास दाखविले. त्यामुळे हे झटके नित्याच्या चिंतेहून निराळे आहेत हा विचार बळावला. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात पॅनिक विकारास स्वतंत्र स्थान मिळाले.

या सर्वांना एका सूत्रात गोवण्याचे काम ॲरन बेक (१९२१–२०२१) यांच्या विचारातून झाले. १९८६ मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी पॅनिक विकाराची बोधात्मक उपपत्ती मांडली. तिचे मर्म असे : हृदयाची गती वाढणे, श्वास जलद होणे, चक्कर येणे या संवेदना स्वतः घातक नसतात. रुग्ण त्यांचा अर्थ ‘हा हृदयविकाराचा झटका आहे’ असा लावतो. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड हाच त्या अर्थाचा पुरावा ठरतो. असे हे दुष्टचक्र पुरे होते. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर, रिकाम्या अपादानाच्या जागी रुग्ण स्वतःचा देहच नेऊन बसवितो.

उपचाराची रीत या उपपत्तीतूनच निघते. रुग्णास उपचारकाच्या समोर मुद्दाम जलद श्वास घेण्यास सांगतात. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन मुंग्या, चक्कर आणि धडधड ही नेहमीची लक्षणे उत्पन्न होतात आणि थोड्या वेळाने आपोआप शमतात. मृत्यू येत नाही. झटका आला की खाली बसणे, भिंतीचा आधार घेणे, सोबत्यावाचून बाहेर न पडणे या सवयींनी आपण वाचलो असे रुग्णास वाटत असते. त्या एकेक सोडून पाहिल्यावर, आपण सवयींमुळे वाचलो नव्हतो, धोकाच नव्हता, हे त्यास उमगते. पुढे टाळलेल्या जागी तो पुन्हा जाऊ लागतो. १९९४ मध्ये क्लार्क व सहकाऱ्यांनी ६४ रुग्णांच्या अभ्यासात ही पद्धत शिथिलीकरण आणि इमिप्रामीन यांच्याशी ताडून पाहिली. तीन महिन्यांच्या अखेरीस ती दोहोंपेक्षा सरस ठरली. डेव्हिड बार्लो व सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ३१२ रुग्णांच्या अभ्यासात उपचार थांबविल्यानंतरही तिचा गुण टिकून राहतो असे आढळले.

महाराष्ट्रात या विचाराचा प्रवेश प्रामुख्याने अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या द्वारे झाला. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली आणि मराठीत आणली. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीने ती सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेली. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने मानसिक आरोग्याची संस्था उभी राहिली. मात्र ही सर्व परंपरा मुख्यतः नागर आणि प्रमाण मराठीची आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात भयाला सामोरे जाण्याचा एक निराळा प्रसंग या इतिहासाच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. वरोड्याचे वकील मुरलीधर देवीदास उर्फ बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी रेल्वेत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या इंग्रज सैनिकांचा प्रतिकार केला म्हणून गांधीजींनी त्यांस ‘अभयसाधक’ म्हटले, असे सांगितले जाते. त्याच बाबांना पुढे वरोड्यात तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी गलितगात्र अवस्थेत रस्त्याकडेला दिसला आणि ते भयाने पळाले. आपण पळालो ही गोष्ट त्यांना सतत सलत राहिली. ते परत गेले आणि अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली, आणि त्यातूनच आनंदवन उभे राहिले. हा मानसोपचार नव्हता, आणि ते भय पॅनिक विकाराचे नव्हते. तथापि पळण्याने भय वाढते आणि परतण्याने ते विरते, हे वर्तनोपचाराचे मूलतत्त्व येथे आचरणात दिसते. ‘अभय’ या शब्दाचे दोन्ही अर्थही, निर्भय असणे आणि दुसऱ्यास निर्भय करणे, या प्रसंगात एकत्र येतात.

तथापि या जिल्ह्यांतील सर्वच भय असे विरण्याजोगे नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीचा सुमारे ७० टक्के भाग वनाच्छादित आहे. ताडोबा आणि ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने वेचण्यास जाणाऱ्यांवर वाघाचे हल्ले होतात. पोलीस आणि नक्षलवादी यांच्या संघर्षात या भागाने अनेक दशके काढली. ज्या घरातील माणूस वाघाने नेला, त्या घरातील स्त्रीची छाती रानाच्या वाटेवर धडधडली तर तिच्या भीतीचे अपादान रिकामे नाही. तिला रानात एकटे जाण्याचा सराव देणे हा उपचार नव्हे, अविचार होय. तिचा विचार तपासावयाचा असेल तर तो इतकाच की, घराच्या उंबरठ्याच्या आतही तोच धोका आहे काय? शिवाय धडधडीचे कारण देहातही असू शकते. पंडुरोग या भागात मोठ्या प्रमाणावर आढळतो, सिकलसेलचा विकारही आहे. म्हणून वैद्यकीय तपासणी आधी, आणि विचारांची तपासणी नंतर, हा क्रम येथे विशेष कटाक्षाने पाळावा लागतो.

रिकामे अपादान चुकीच्या नावाने भरले गेले तर काय होते, याचे उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण करण्यात आली. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून अस्तित्वात होता. कायदा असे कृत्य दंडनीय ठरवितो. परंतु ‘हे भय कशाचे?’ या प्रश्नाचे दुसरे उत्तर तो पुरवीत नाही. ते उत्तर कोणीतरी शांतपणे, ऐकणाऱ्याच्या भाषेत द्यावे लागते.

भाषेचा प्रश्न येथे उपस्थित होतो. मराठीत ‘वाटणे’ हे एकच क्रियापद भावना आणि मत या दोहोंस चालते. ‘मला भीती वाटते’ आणि ‘मी मरणार असे मला वाटते’ ही दोन वाक्ये रचनेने सख्खी भावंडे आहेत. दोहोंतही अनुभवणारा चतुर्थीत आहे. गोष्ट त्याच्याकडे येते, तो ती करीत नाही. बोधात्मक उपचाराची पहिली पायरी मात्र भावना आणि विचार वेगळे करण्याची आहे. पहिल्या वाक्याशी वाद घालावयाचा नाही, दुसरे मात्र पुराव्याला लावावयाचे. ‘मी मरणार, असा विचार माझ्या मनात आला’ अशी फोड रुग्णास करता आली की अर्धे काम झाले. इंग्रजी पाठ्यपुस्तकातील प्रश्नांचे शब्दशः भाषांतर करणाऱ्या उपचारकास ही अडचण दिसतच नाही.

या दोन जिल्ह्यांत तर मराठीही एकच नाही. पूर्वेकडे झाडीबोली आहे; सिरोंचाकडे तेलुगू, सीमेलगत छत्तीसगढी, पुनर्वसित वस्त्यांत बंगाली; आणि गोंडी व माडिया या द्राविड कुळातील भाषा. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडीचे भाषक देशात सुमारे २९ लाख आहेत. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) गोंडीचे वर्णन आले आहे, आणि १९६० मध्ये बरो व भट्टाचार्य यांनी तिच्या बोलींचा तौलनिक शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. भय, धसका, काळजी, विचार या अर्थक्षेत्रांचा उपचाराच्या दृष्टीने उपयोगी पडेल असा अभ्यास हे या कामाचे पुढचे पाऊल ठरेल.

असा अभ्यास निष्फळ ठरत नाही, हे इतरत्र दिसून आले आहे. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी शोना भाषेतील ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार, हा लोकांचाच शब्द घेऊन वयस्क स्त्रियांकरवी समुपदेशन चालविले. त्याच्या परिणामकारकतेचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात आरोग्यसेविकांनी बोधात्मक पद्धतीवर आधारलेला उपचार प्रसूतिकाळातील नैराश्यासाठी दिला. त्याचे अनुकूल निष्कर्ष २००८ मध्ये पुढे आले. विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमाने गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या साहाय्याने नैराश्यावर उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर नेले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी केले. तो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. गावची स्त्री गावच्या भाषेत गुंतागुंतीचे वैद्यकीय काम करू शकते, याचा हा घरचाच पुरावा होय.

शासनाने १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला, आणि ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवाही उपलब्ध झाली. या सोयींचे मूल्य कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु इतर औषधे भाषेवाचूनही गुण देतात. हे औषध वाक्यांचेच बनलेले आहे. ज्या भाषेत माणूस भितो, त्याच भाषेत त्याला प्रश्न विचारावा लागतो. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या बाबतीत तो प्रश्न माडियात, गोंडीत आणि झाडीबोलीत कसा विचारावा, हे ठरविण्याचे काम एकट्या वैद्यकाचे नाही. त्यातील मोठा वाटा भाषेच्या अभ्यासकांकडे येतो.