टिळकांचा खटला आणि कोर्टातला भाषांतरकार

तालुका कोर्टाच्या आवारात बातमीसाठी थांबलो की एक प्रश्न हमखास कानावर येतो. खटला राजकीय असला की लोक आधी विचारतात, "बेंच क्लार्क कुणाच्यातला? स्टेनो कुठल्या गावचा?" आडनावावरून पक्ष ठरतो, पक्षावरून निकाल. मीही वीस वर्षं हे ऐकतोय, कधीकधी मान डोलावलीय.

हा संशय जुना आहे. १९०८ च्या जुलैत मुंबई हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. पुरावा काय, तर 'केसरी'तले अग्रलेख. लेख मराठीत, कोर्ट इंग्रजीत. म्हणजे ज्यूरीसमोर टिळकांचे शब्द नव्हतेच, सरकारी भाषांतर होतं. ते बरोबर आहे हे सांगायला भाषांतर कार्यालयातला मराठी माणूस साक्षीला उभा राहिला. टिळक स्वतःच आपले वकील. त्यांनी त्याची उलटतपासणी घेतली, आणि भाषांतरात मूळ अर्थ बिघडलाय असं कोर्टाला सांगितलं.

एका शब्दानं काय होतं? 'जुलमी' हाच शब्द घ्या. इंग्रजीत त्याला सौम्य शब्द आहे, जहालही आहे. कुठला निवडायचा, हे टेबलामागचा माणूस ठरवतो.

पण खरी मेख पुढे आहे. ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी. 'ज्यूरीला माझी भाषाच येत नाही', ही टिळकांची तक्रार होती. भाषांतरकाराची उलटतपासणी झाली खरी, पण ती तोलणार कोण? निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड.

आता आडनावाचं गणित लावून बघा. न्यायमूर्ती दावर कोण? १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील! त्यांनीच १९०८ साली जामीन नाकारला आणि शिक्षा सुनावली. उलट १९१६ साली टिळकांच्या मराठी भाषणांवरून जामीनकीचा हुकूम झाला, तो हायकोर्टात रद्द करणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी बॅचलर इंग्रज होते.

ज्यूरीत मतं वंशाप्रमाणे फुटली, हेही खरंच. म्हणून संशय खुळा आहे असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की माणूस कुणाचा हे शोधून हाती काही लागत नाही. त्याचं काम तपासता येतं का, आणि तपासणाऱ्याला ते कळतं का, हे विचारायला हवं.

आज ज्यूरी नाही. आपल्या जिल्हा कोर्टात साक्ष मराठीत लिहिली जाते, हायकोर्टात तिचं इंग्रजी होतं. शब्द बदलायची जागा आजही तीच. पण फौजदारी कायद्यात सोय आहे. साक्ष संपली की ती साक्षीदाराला, आरोपी किंवा त्याच्या वकिलासमोर, वाचून दाखवायची असते. चूक वाटली तर दुरुस्ती मागता येते, किमान हरकत नोंदवता येते. घाईगडबडीत किती जण नीट ऐकून घेतात, आणि किती जण नुसती सही ठोकून मोकळे होतात?

पुढच्या वेळी क्लार्कचं आडनाव विचारण्याआधी हे विचारा: साक्ष वाचून दाखवली का?