नवा टायर का घसरतो?

पावसाळा तोंडावर आला की आपल्यापैकी अनेकजण दुचाकीचे झिजलेले टायर बदलून घेतात. मीही काही वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात मोटारसायकलचे दोन्ही टायर बदलले. दुकानातून निघून जेमतेम दीड किलोमीटर गेलो असेन. रोजच्याच वळणावर, रोजच्याच वेगाने गाडी कलती केली आणि मागचे चाक हातभर बाजूला सरकले. रस्ता कोरडा होता. वाळू नव्हती, तेल सांडलेले नव्हते. डावे मनगट मोडले आणि हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला.

दुकानदाराने हवा नीट भरली होती, पावतीही दिली होती. 'पहिले काही दिवस जपून चालवा' एवढे मात्र तो म्हणाला नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण बहुवारिकांच्या संशोधनात वीस वर्षे काढलेल्या मलाही ते सुचले नव्हते. नव्या टायरची नक्षी खोल, म्हणून पकड चांगली, असे मी धरून चाललो होतो. मग घरी बसून रबराच्या घर्षणावरचे जुने निबंध वाचायला घेतले. टायर वापरात आल्यावर तो रस्त्याला का धरतो हे समजायला शंभराहून अधिक वर्षे लागली, हे तेव्हा कळले.

रबराचे इंग्रजी नावच मुळी घासण्यावरून पडले. पेन्सिलीच्या खुणा पुसायला हा पदार्थ फार उपयोगी पडतो अशी नोंद जोसेफ प्रीस्टले याने १७७० साली केली. पुढे ऑक्सिजनच्या शोधामुळे आपल्याला परिचित झालेला तोच हा प्रीस्टले. त्या वेळी लंडनमध्ये अर्ध्या इंचाच्या तुकड्याला तीन शिलिंग पडत. पण हे कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत कडक पडे. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक मिसळून तापवण्याची, म्हणजे व्हल्कनीकरणाची युक्ती सापडली आणि रबर खऱ्या अर्थाने कामाला लागले.

सहाच वर्षांनी, १८४५ साली, रॉबर्ट विल्यम थॉमसन या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणाने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. त्याच्या चाकात रबर लावलेल्या कापडाची हवाबंद नळी होती आणि तिच्यावर चामड्याचे जाड आवरण. म्हणजे जगातल्या पहिल्या हवेच्या टायरमध्ये रबर रस्त्याला टेकतच नव्हते! १८४७ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये बग्गीला अशी चाके बसवून चाचण्या झाल्या. मोजले काय? तर गाडी ओढायला किती कमी जोर लागतो ते. एक संच सुमारे १२०० मैल चालला, तरी पुढे ही कल्पना विस्मरणात गेली. बेलफास्टमधला पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ती नव्याने शोधली आणि १८८८ साली पेटंट घेतले. दुसऱ्याच वर्षी विली ह्यूम या सायकलपटूने त्या टायरांवर बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या आणि टायरांचा बोलबाला झाला. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचे रद्द ठरले, ती गोष्ट वेगळी.

या सगळ्या काळात टायरकडून अपेक्षा होती ती धक्के कमी बसण्याची आणि वेग वाढण्याची. पकडीचा विचार फारसा कोणी केला नव्हता, कारण घोडागाडीला आणि सायकलीला त्याची तितकी निकड नव्हती. १८९४ साली हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांची मोटारसायकल हवेच्या टायरांसह जर्मनीत बाजारात आली, मोटारगाड्याही वाढल्या, आणि ओल्या रस्त्यावर गाड्या आडव्या घसरू लागल्या. त्यावरचे उपाय अगदी चांभारी थाटाचे होते. मिशलँ कंपनीने १९०५ साली टायरवर चामड्याचा तळ बसवून त्यात पोलादी रिव्हेट ठोकले. अमेरिकेत फायरस्टोनने १९०८ साली आणखी गंमत केली. 'फायरस्टोन नॉन स्किड' ही अक्षरेच तिरपी उठवून त्यांची नक्षी टायरवर उमटवली. पकडीची पकड आणि जाहिरातीची जाहिरात! दरम्यान १९०४ साली लंडनजवळच्या सिल्व्हरटाउनमध्ये रबरात काजळी मिसळल्यास ते कितीतरी टिकाऊ होते असे आढळले. पांढरट टायर काळे झाले ते त्यामुळे. या सर्व सुधारणा करून पाहून, अनुभवाने झालेल्या होत्या. घर्षणाचे विज्ञान त्यांच्या मदतीला आले नव्हते.

येऊ शकतही नव्हते. शाळेत आपण घर्षणाचे जे नियम शिकवतो ते आमाँताँ याने १६९९ साली मांडले आणि कुलोम याने १७८० च्या दशकात पक्के केले. घर्षण भाराच्या प्रमाणात असते, संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते आणि वेगाचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. लाकूड आणि धातूंसाठी हे बरेचसे खरे आहे. रबर मात्र यातला एकही नियम नीट पाळत नाही.

वळणावरच्या मोटारसायकलचेच उदाहरण घ्या. टायरची जाडी सोडून दिली तर गाडी उभ्या रेषेपासून जितक्या अंशांनी कलते त्या कोनाचा टॅन म्हणजे त्या क्षणी लागणारा घर्षणांक. २० अंशांना ०.३६ पुरतो, ३० अंशांना ०.५८ लागतो, ४५ अंशांना पूर्ण १. शर्यतीतले आजचे चालक ६० अंशांच्याही पलीकडे कलतात, म्हणजे घर्षणांक १.७ च्या वर जातो. 'घर्षणांक एकाहून मोठा असूच शकत नाही' असे काही मुलांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. त्यांना हे चित्र जरूर दाखवावे.

रबराचे हे वेगळेपण उलगडले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर, मुख्यतः इंग्लंडमध्ये. केंब्रिजला बाउडन आणि टेबर यांनी दाखवले की दोन पृष्ठभाग एकमेकांना सर्वत्र टेकत नाहीत, मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात. खरे संपर्कक्षेत्र दिसते त्यापेक्षा फारच लहान असते. रबर मऊ असल्याने ते या उंचवट्यांवर पसरते. मूळचे जर्मनीचे ॲडॉल्फ शालामाख वेल्विन गार्डन सिटी येथील रबर संशोधन संस्थेत काम करत. भार वाढवला की रबराचा घर्षणांक कमी होतो हे त्यांनी १९५० च्या दशकात मोजले, कारण संपर्कक्षेत्र भाराइतक्या वेगाने वाढत नाही. इकडे ग्रीनवुड आणि टेबर यांनी १९५८ साली दाखवले की वंगण लावलेल्या रबरावरूनही कठीण गोळी सहज सरकत नाही. गोळीपुढचे रबर दबते, मागचे पुन्हा वर येते. पण दबताना घेतलेली ऊर्जा ते पूर्ण परत देत नाही. ही तूट म्हणजेच घर्षण. पावसात टायर रस्ता धरतो तो बराचसा या तुटीच्या जोरावर.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो याच संस्थेतील ग्रॉश यांचा १९६३ सालचा निबंध. त्यांनी रबराचे तुकडे स्वच्छ काचेवरून आणि खरखरीत पॉलिश कागदावरून ओढले. रबर घर्षणाने तापू नये म्हणून वेग सेकंदाला काही सेंटिमीटरच ठेवला आणि जास्त वेगाचा परिणाम पाहण्यासाठी तापमान उतरवले. रबराच्या बाबतीत वेग वाढवणे आणि गार करणे यांचा परिणाम सारखाच होतो. घर्षणाचे दोन भाग स्पष्ट वेगळे झाले. एक चिकटण्याचा, रबराचे रेणू समोरच्या पृष्ठभागाला क्षणभर धरतात आणि सोडतात तो. दुसरा वर सांगितलेला दबण्याचा. मग ग्रॉश यांनी खरखरीत पृष्ठभागावर मॅग्नेशियम ऑक्साइडची बारीक पूड भुरभुरवली. चिकटण्याचा भाग नाहीसा झाला! दबण्याचा तेवढा उरला. रबर तेच, पृष्ठभाग तोच. मध्ये फक्त एक पातळ थर आला.

इथे माझ्या मनगटाचा उलगडा झाला. टायर साच्यात तयार होतो. कच्चा टायर तापलेल्या धातूच्या साच्यात आतून दाबून धरतात आणि रबर सुमारे दीडशे अंश सेल्सिअसला किंवा त्याहून अधिक तापमानाला पक्के होते. नव्या टायरवर केसांसारखी रबराची टोके दिसतात ना? ती साच्यातली हवा बाहेर पडण्याच्या भोकांत शिरलेल्या रबराची. साच्याला टायर चिकटू नये म्हणून निसरडी द्रव्ये वापरण्याची पद्धत आहे. आता बाहेरच्या बाजूला ती कमी वापरली जातात, काही कारखाने तर मुळीच वापरत नाहीत. पण एवढ्याने प्रश्न मिटत नाही. हवेतील ओझोनने रबराला चिरा पडू नयेत म्हणून त्यात मेण मिसळलेले असते आणि ते हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ पापुद्रा धरते, त्याचे कामच ते आहे. शिवाय रिमवर चढवताना लावलेले साबणाचे पाणी कधीकधी वर ओघळते. नवा टायर गुळगुळीत असतो म्हणून घसरतो, असे सर्रास सांगतात. ते मला पटत नाही. स्वच्छ, गुळगुळीत रबर काचेला उलट घट्ट धरते. आड येतो तो वरचा थर, ग्रॉश यांच्या पुडीसारखा.

हा थर रस्त्यावर घासूनच जातो. पहिले दीडशे किलोमीटर किंवा तेवढ्या आसपास जपून चालवा असे सांगतात ते यासाठी. पण इथे एक मेख आहे. सरळ महामार्गावर दीडशे किलोमीटर गेलात तर घासतो तो मधला पट्टाच. कडा कोऱ्याच राहतात आणि गाडी कलते तेव्हा रस्त्याला टेकतात नेमक्या त्याच. म्हणून कोरड्या, ओळखीच्या रस्त्यावर, दर वळणाला थोडेथोडे अधिक कलत, दोन्ही बाजूंनी कडेपर्यंत जायला हवे. तोवर जोराचा ब्रेक नको आणि एकदम वेग घेणेही नको. नवे टायर पहिल्या धो धो पावसाच्या आदल्या दिवशी बसवण्यापेक्षा मे महिन्यात बसवावेत. पेट्रोलने पुसण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पेट्रोल रबरात मुरते आणि त्याला खराब करते.

आणखी एक गोष्ट हाताला जाणवते, तिचा घर्षणाशी संबंध नाही. जुना टायर मध्ये झिजून सपाट झालेला असतो, त्याला कलायला जोर लागतो. नवा गोल असतो, गाडी पटकन, जणू आपणहून वळणात पडते. हात जुन्या सवयीने जोर लावतात आणि गाडी हव्यापेक्षा जास्त कलते. माझे दोन्ही एकदम झाले असावे: जास्त कललो आणि कोऱ्या कडेवर कललो.

वर्गात हे दाखवायला टायर नको, खोडरबर पुरे. काचेच्या तावदानावर कोरे खोडरबर ठेवून एक कड हळूहळू उचला. ते सरकू लागेल तो कोन मोजा. त्याचा टॅन म्हणजे घर्षणांक. मग खोडरबराची तीच बाजू खरखरीत कागदावर घासून, धुऊन, वाळवून पुन्हा मोजा. शेवटी तिला खडूची बारीक पूड लावून तिसऱ्यांदा मोजा. खोडरबर पुष्कळदा एकदम सुटत नाही, आधी अगदी सावकाश सरकते. तेव्हा कोन नेमका कोणता धरायचा यावर मुलांमध्ये वाद होईल. तो होऊ द्यावा. रबराचे घर्षण वेगावर अवलंबून असते, हे पाठ्यपुस्तकातल्या नियमात न बसणारे निरीक्षण त्या वादातूनच त्यांच्या हाती लागेल.