गाजरमाशी
गाजरमाशी (शास्त्रीय नाव: कॅमेप्सिला रोझी, जुने नाव: सायला रोझी) हा द्विपंखी गणातील एक कीटक आहे. यूरोपातील परसबागांमध्ये गाजराची ही सर्वांत उपद्रवी कीड समजली जाते. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान क्रिस्टियन फाब्रिसियस यांनी १७९४ मध्ये तिचे प्रथम वर्णन केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती उत्तर अमेरिकेतही आढळू लागली. गाजराखेरीज पार्सनिप, सेलेरी व पार्सली या वनस्पतींनाही तिचा उपद्रव होतो. कोथिंबीर व बडीशेप ज्या कुलातील आहेत, त्याच चामर कुलात (एपिएसी) या सर्व वनस्पतींचा समावेश होतो.

वर्णन व जीवनक्रम
प्रौढ माशी सुमारे ६ ते ८ मिमी. लांब असते. तिचे शरीर चकचकीत काळे, डोके तांबूस व पाय पिवळसर असतात. मादी रोपाच्या बुंध्याजवळील मातीत अंडी घालते. त्यांतून निघालेल्या फिकट पिवळ्या, पायविरहित अळ्या आधी बारीक मुळे खातात व नंतर सोटमुळात शिरतात. पूर्ण वाढलेली अळी मातीत कोषावस्थेत जाते. ब्रिटनमध्ये वर्षाला साधारणपणे दोन पिढ्या होतात. पहिल्या पिढीच्या माश्या मे-जूनमध्ये, तर दुसरीच्या जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत दिसतात. हिवाळा अळी किंवा कोष या अवस्थेत जातो.

नुकसानीचे स्वरूप
अळ्यांमुळे गाजरावर गंजासारख्या तपकिरी रंगाची भुयारे पडतात. अशी गाजरे पुढे सडतात व साठवणीत टिकत नाहीत. लहान रोपे मरतात, तर मोठ्या रोपांची पाने तांबूस पडतात. मात्र पानांवर लक्षणे दिसेपर्यंत अळी मुळात शिरलेली असते व तेथे तिच्यावर इलाज करता येत नाही. म्हणून मादीला रोपापर्यंत पोहोचू न देणे, हेच संरक्षणाचे मुख्य तत्त्व आहे.

संरक्षणाचे उपाय
पेरणीची वेळ: ब्रिटनमध्ये मेच्या मध्यानंतर पेरणी केल्यास पहिल्या पिढीचा उपद्रव बराच टळतो. लवकर पेरलेले पीक ऑगस्टअखेरपूर्वी काढल्यास दुसऱ्या पिढीपासून होणारे नुकसान कमी होते.

विरळ पेरणी: विरळणी करताना चुरगळलेल्या पानांच्या वासाने माश्या आकर्षित होतात. त्यामुळे बी मुळातच विरळ पेरतात. विरळणी करावीच लागली, तर उपटलेली रोपे वाफ्यात न टाकता लगेच दूर नेतात.

आच्छादन व आडोसा: पेरणीनंतर लगेच वाफ्यावर बारीक छिद्रांची कीटकरोधक जाळी घालून तिच्या कडा मातीत पुरतात. माशी जमिनीलगत उडत असल्याने वाफ्याभोवती सुमारे ६० सेंमी. उंचीचा आडोसा उभारण्याचीही पद्धत आहे. परंतु तो वरून उघडा असल्याने जाळीइतका खात्रीचा नसतो.

फेरपालट: आदल्या वर्षी कीड लागलेल्या जागी पुन्हा गाजर लावून जाळी घातल्यास मातीतील कोषांतून निघालेल्या माश्या जाळीच्या आतच कोंडल्या जातात आणि संरक्षणाचे साधनच नुकसानीस कारण ठरते. त्यामुळे जाळी वापरतानाही पिकांची फेरपालट आवश्यक असते. त्याचबरोबर किडकी गाजरे हिवाळ्यात जमिनीत राहू देत नाहीत.

प्रतिकारक वाण: ‘फ्लायअवे’ व ‘रेसिस्टाफ्लाय’ हे वाण या किडीला काही प्रमाणात प्रतिकार करतात, मात्र ते पूर्णपणे कीडमुक्त राहत नाहीत.

मिश्र लागवड
कांद्याच्या वासामुळे माशीला गाजराचा माग लागत नाही, या समजुतीने दोन्ही पिकांच्या ओळी आलटून पालटून लावण्याची प्रथा बागकामात रूढ आहे. परंतु तिचा परिणाम सर्वत्र सारखा आढळत नाही. त्यामुळे अशी लागवड जाळीला पूरक म्हणून करता येते. ती जाळीची जागा घेऊ शकत नाही.