पहाटेची गाडी आणि वसईचे दूध

वसईचे नाव निघाले की जुन्या मुंबईकराला तीन गोष्टी आठवत : किल्ला, केळी आणि दूधवाला. किल्ल्याचा इतिहास आपण शाळेतच शिकतो. चिमाजी अप्पांनी १७३९ साली तो पोर्तुगिजांकडून घेतला, आणि १८०२ च्या अखेरीस त्याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, हे पोरासोरांनाही पाठ असते. केळ्यांविषयीही कोणी ना कोणी लिहितो. दूधवाल्याच्या वाट्याला मात्र फारशी शाई आली नाही. ज्या घरात मी वाढलो, ते घर तर सगळे दुधावर उभे होते.

आमची वाडी निर्मळच्या बाजूला. घरामागे गोठा, गोठ्यामागे केळीची बाग, आणि बागेच्या कडेला बावखल. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे खोलगट तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, तेच मुरून विहिरींना मिळे, आणि दुपारी आमच्या आठही म्हशी त्यात नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून पडून राहत. त्यांना बाहेर काढणे हे आम्हा मुलांचे काम. हाका मारून, खडे टाकून, शेवटी चड्डी भिजवून ते पार पडे.

पहाटे तीनला घर जागे होई. आई नि आजी कंदील घेऊन गोठ्यात जात. आंबोण पुढे आल्याखेरीज एकही म्हैस पान्हा सोडत नसे. चरवीत पडणाऱ्या पहिल्या धारेचा आवाज कोरडा, खणखणीत. चरवी भरत येई तसा तो जड होत जाई. अंथरुणातून तेवढ्यावर मी ओळखत असे, की किती दूध झाले. मग दूध कॅनमध्ये ओतले जाई. वाटेत डुचमळून सांडू नये म्हणून आजोबा तोंडाशी स्वच्छ पेंढ्याचा बोळा बसवीत, आणि सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवून दीड-दोन कोसांवरचे नालासोपाऱ्याचे स्टेशन गाठीत. गाडी चुकली म्हणजे दिवस चुकला.

हा सारा धंदा त्या गाडीच्या पोटी जन्मलेला. रेल्वे नव्हती तेव्हा वसईची खाडी होडीने ओलांडून मुंबई गाठीपर्यंत दूध नासूनच जायचे. १२ एप्रिल १८६७ रोजी बी.बी.सी.आय. कंपनीची गाडी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत धावू लागली. दिवसाकाठी एक जायची आणि एक यायची. विरारहून ती पावणेसातला सुटे. आमचे स्टेशन तेव्हा ‘नीला’ म्हणून ओळखले जाई. १९३६ साली विरारपर्यंत विजेच्या गाड्या आल्या, आणि पहाटे काढलेले दूध मुंबईच्या चहाच्या वेळेला पोचू लागले. आमच्या भागातल्या हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरांतले पुरुष मालडब्यात कॅनवर बसून एकाच बोलीत गप्पा मारीत जात; परक्याला त्यातले निम्मेही कळत नसे.

मुंबईत दुधाचे दुसरे जग होते, ते तबेल्यांचे. शहरातल्या जागेला सोन्याचे मोल, वैरण विकतची. त्यामुळे म्हैस आटली की तबेलेवाल्याला ती पोसणे परवडत नसे आणि पुष्कळशा चांगल्या म्हशी थेट खाटकाकडे जात. हे तबेले शहराबाहेर काढण्यासाठी दारा खुरोडी यांनी गोरेगावला आरे दुग्धवसाहत उभी केली. १९४९ साली ती सुरू झाली आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. आमच्याकडे भाकड म्हैस विकत नसत. बावखलाच्या काठचे गवत फुकटचे होते. हा भूतदयेचा भाग किती आणि गवताचा किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आणखी एक गोष्ट आजोबांना टोचत असे. मुंबईसाठी १९४५ पासून गुजरातेतल्या आणंदहून दूध येऊ लागले. १९४६ च्या डिसेंबरात खेडा जिल्ह्याच्या शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी संघ काढला, आणि १९४८ पासून त्याचे दूध मुंबईला जाऊ लागले. हा लोहमार्ग आमच्याच दारावरून जाणारा! ‘त्यांनी एकत्र येऊन विकले, आपण एकेकटे कॅन उचलीत बसलो,’ असे ते म्हणत. म्हणत, पण दुसऱ्या दिवशी एकटेच कॅन उचलीत.

एका आषाढात रुळांवर पाणी येऊन गाडी चार तास खोळंबली. दूध फाटणार हे उघड होते. आजोबांनी बोळा काढला आणि डब्यातल्या नि शेजारच्या डब्यातल्या लेकुरवाळ्या बायांना मापट्याने दूध वाटून टाकले. सोबतच्या एकाने सुचवले होते, की थोडा सोडा घालावा, काही कळत नाही. रात्री आजीने हिशेब विचारला, तेव्हा ते फक्त ‘आज नाही’ एवढेच बोलले. त्या महिन्यात पेंडीच्या दुकानाची उधारी थकली, आणि माझ्या शाळेच्या नव्या चपला पुढल्या वर्षावर गेल्या. मला त्यांचा राग आला होता, हे कबूल करतो.

वसुबारसेला आमच्याकडे रीतीप्रमाणे गाय-वासराची पूजा होई. आजी मात्र तेच तबक घेऊन गोठ्यात शिरे आणि आठही म्हशींच्या कपाळाला कुंकू लावी. काळ्या कपाळावर ते मुळीच दिसत नसे. ‘गाय पूजेला, म्हैस पोटाला, तिला उपाशी का ठेवायचे?’ हा तिचा सवाल होता. त्या दिवशी गाईचे दूध वर्ज्य, म्हणून मुंबईची गिऱ्हाइके आमच्या म्हशींच्या दुधाला दुप्पट मागणी करीत, तेही तिला माहीत होते!

पुढे मुंबईची वस्ती आमच्यावर चालून आली. पूर्वेकडच्या इमारतींना पाणी हवे; ते आमच्या बाजूच्या विहिरींतून टँकरने उपसले जाऊ लागले. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, लोक रस्त्यावर आले, आम्हीही गेलो. काही वाचले, पुष्कळसे गेले. विहिरी खारावल्या, बावखले भरावाखाली गेली. हिरवा चारा विकत घेण्याची पाळी आली त्या वर्षी वडिलांनी म्हशी एकेक करून काढल्या. शेवटची काढली तेव्हा तिचे दावे त्यांनी विकणाऱ्याला दिले नाही. नवे दावे आणून तिच्या गळ्यात बांधले. २००९ साली महानगरपालिका झाली, तेव्हा गोठ्यात आमची मोटारसायकल उभी होती.

आता सकाळी सहाला दाराच्या कडीला दुधाची पिशवी लटकलेली असते. तिच्यावर नाव आणंदचे. जुने दावे गोठ्याच्या खुंटीला अजून आहे, आणि वसुबारसेला सून त्याला कुंकू लावते. का ते तिने विचारले नाही, मीही सांगितले नाही.