एडिट झालं, पुढे काय? 'फायनल' फाइल नेमकी कशी तयार होते?

फोनवर रील एडिट केलं, एक्सपोर्टचं बटण दाबलं, की काम संपलं. पण सिनेमा, वेबसिरीज किंवा जाहिरात करणाऱ्यांसाठी एडिट संपलं तरी काम संपत नाही. त्यानंतरच्या टप्प्याला 'फायनल डिलिव्हरी' म्हणतात आणि महिनोन्‌महिन्यांची मेहनत वाया जाऊ शकते ती याच टप्प्यावर.

मुंबईत या कामाचा मोठा भाग पश्चिम उपनगरांत होतो. गोरेगावला दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे, तर अंधेरी, वर्सोवा, ओशिवरा भागात एडिट, डबिंग आणि ग्रेडिंगचे स्टुडिओ जागोजागी दिसतात. तिथे फाइल 'फायनल' कशी होते, ते समजून घेऊया.

आधी एडिट 'लॉक' होतं

आता एकही कट बदलायचा नाही, असं ठरलं की त्याला 'पिक्चर लॉक' म्हणतात. त्यानंतर एडिटरकडून साउंड आणि रंगाचं काम करणाऱ्यांना एकाच वेळी साहित्य जातं.

लॉकनंतर बदल केला तर काय होतं? सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम्स असतात. सुरुवातीच्या एखाद्या सीनमधून १२ फ्रेम्स काढल्या, की पुढचं सगळं चित्र अर्धा सेकंद आधी येतं. साउंडवाल्याने जुन्या एडिटवर काम केलेलं असेल तर तिथून शेवटपर्यंत ओठ आणि संवाद जुळत नाहीत.

म्हणूनच चित्र सुरू होण्याच्या बरोबर दोन सेकंद आधी एक फ्रेमभर 'बीप' टाकतात. याला 'टू-पॉप' म्हणतात. बीप जागेवर असेल, तर सुरुवातीला तरी आवाज आणि चित्र जुळलेलं आहे हे लगेच कळतं.

रंग, आवाज आणि कानामात्रा

एडिट करताना कॉम्प्युटर अडखळू नये म्हणून अनेकदा हलक्या फाइल्स वापरतात. त्यांना 'प्रॉक्सी' म्हणतात. रंगाच्या कामाआधी त्या जागी कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल्स परत जोडाव्या लागतात. हे राहून गेलं तर मोठ्या पडद्यावर चित्र पुसट दिसतं.

आवाज मिक्स करताना संवाद, संगीत आणि इफेक्ट्स यांचे वेगवेगळे ट्रॅकही काढून ठेवतात. उद्या मराठी सिनेमा हिंदीत डब करायचा ठरला, तर फक्त संवाद बदलता येतात. ट्रॅक वेगळे नसतील तर पावलांच्या आवाजापासून सगळं पुन्हा करावं लागतं.

मराठीसाठी आणखी एक तपासणी महत्त्वाची आहे. सॉफ्टवेअरची सेटिंग किंवा फॉन्ट चुकला, की ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरं फुटतात. नावांची पाटी मराठी वाचणाऱ्या माणसाने शेवटच्या फाइलमध्ये पाहणं गरजेचं असतं, फक्त एडिटच्या स्क्रीनवर नाही.

मास्टर एक, कॉपी अनेक

रंग आणि आवाज एकत्र आले की 'मास्टर' फाइल तयार होते. ती आकाराने मोठी असते, कारण ती फार कॉम्प्रेस केलेली नसते. बाकीच्या सगळ्या कॉपी या मास्टरवरूनच काढायच्या असतात. व्हॉट्सॲपवर फिरून आलेला व्हिडिओ पुसट का होतो, तर प्रत्येक वेळी कॉपीची कॉपी निघते म्हणून.

प्रत्येक ठिकाणाची मागणी वेगळी असते:

- यूट्यूब: १०८० पिक्सेल, ३० फ्रेम्सपर्यंतच्या साध्या व्हिडिओसाठी सेकंदाला ८ मेगाबिट डेटाची शिफारस आहे. आवाज उणे १४ एलयूएफएसपेक्षा मोठा असेल, तर यूट्यूब तो प्ले करताना कमी करतं.
- नेटफ्लिक्स: संवादांवरून मोजलेली सरासरी उणे २७ च्या आसपास हवी. म्हणजे यूट्यूबचं मिक्स जसंच्या तसं इथे चालत नाही.
- टीव्ही: भारतात सेकंदाला २५ फ्रेम्स चालतात. २४ फ्रेम्सचा १०० मिनिटांचा सिनेमा त्या वेगाने चालवला तर तो ९६ मिनिटांत संपतो.
- रील: उभी, १०८० बाय १९२० ची फ्रेम. आडव्या फ्रेममध्ये कडेला ठेवलेलं नाव इथे कापलं जातं.

थिएटरसाठी वेगळं पॅकेज

थिएटरला साधी व्हिडिओ फाइल देऊन चालत नाही. तिथे 'डीसीपी' लागतं. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी २००२ मध्ये स्थापन केलेल्या गटाने २००५ मध्ये याचे निकष जाहीर केले. यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र चित्र म्हणून साठवतात. डेटाची मर्यादा सेकंदाला २५० मेगाबिट आहे. त्या हिशोबाने दोन तासांचा सिनेमा २२५ जीबीपर्यंत जाऊ शकतो.

डीसीपीला कुलूप लावता येतं. त्याची डिजिटल किल्ली, म्हणजे 'केडीएम', ठरलेल्या थिएटरच्या ठरलेल्या सर्व्हरवर आणि ठरलेल्या मुदतीतच चालते. भारतात अंधेरीची यूएफओ मूव्हीज ही कंपनी उपग्रहामार्फत थिएटरांपर्यंत सिनेमा पोहोचवण्यासाठी ओळखली जाते.

थिएटरमध्ये दाखवण्याआधी सेन्सॉर बोर्डाचं, म्हणजे सीबीएफसीचं प्रमाणपत्रही हवं. २०२४ च्या नियमांनुसार यूए गटाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. सिनेमात तंबाखूचं सेवन दिसत असेल तर आरोग्याचे इशारेही जोडावे लागतात. प्रमाणपत्र मिळाल्यावर मनाने सीन जोडता किंवा काढता येत नाही, बोर्डाला कळवून मान्यता घ्यावी लागते.

पाठवण्याआधी पूर्ण पाहा

तयार फाइल पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत पाहणं, याला 'क्यूसी' म्हणतात. मध्येच आलेली काळी फ्रेम, गायब झालेला आवाज, चुकलेलं सबटायटल हे सारं इथेच सापडतं. सुरुवात आणि शेवट पाहून फाइल पाठवणं ही सर्वांत महागात पडणारी घाई.

फाइलच्या नावात प्रोजेक्ट, तारीख, फ्रेम रेट आणि भाषा असावी. 'फायनल_नवीन_शेवटचं' या नावावरून सहा महिन्यांनी काहीच कळत नाही.

आणि जपून ठेवा

काम देऊन झालं की मास्टर, नावांशिवायची कॉपी, आवाजाचे ट्रॅक आणि प्रोजेक्ट फाइल असं सगळं जपायचं असतं. यासाठी '३-२-१' असा सोपा नियम आहे: तीन कॉपी, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.

दुसरी जागा का, हे उपनगरांना वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तळमजले पाण्याखाली गेले. तिन्ही हार्ड डिस्क एकाच कपाटात असतील, तर अशा एका दिवसात तिन्ही जातात.