शिंग्रोबाला पाच पैसे

आमच्या आजोबांची सायकल अजून कर्जतच्या घराच्या पडवीत उभी आहे. बावीस इंची, काळी, दांड्याची, चेनवर पत्र्याचं कव्हर. गिअर वगैरे लाड नाहीत. ती घेऊन ते रोज खोपोलीच्या कारखान्यात जायचे, कारण खोपोलीची गाडी त्यांच्या पाळीच्या वेळेला असेलच असं नसायचं. आणि वर्षातून एकदा, शिमग्याच्या आधीच्या कुठल्या तरी रविवारी, खोपोलीच्याही पुढे घाटात शिंग्रोबापर्यंत जायचे, पाच पैसे वाहायचे आणि परत यायचे. येताना घाटउतारावर सायकलच्या मागे दोरीने एक झाडाची फांदी बांधलेली असायची. ब्रेकच्या रबरांवर त्यांचा विश्वास नव्हता.

आम्हा मुलांना वाटायचं, नवस असणार.

गेल्या फेब्रुवारीत मी तोच रस्ता सायकलने केला. (त्यांच्या सायकलने नव्हे! माझी एकवीस गिअरची आहे. गुडघे मात्र त्यांच्याकडूनच आलेत.) कर्जत, पळसदरी, खोपोली, घाटात शिंग्रोबा, मग उतरून खालापूर, चौक आणि चौकहून पुन्हा कर्जत. घाट सोडला तर पन्नासेक किलोमीटर. सायकलवाल्यांना हा टापू हल्ली फार आवडतो आणि त्यात नवल नाही. माथेरानचा डोंगर आणि त्याच्या आजूबाजूचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा प्रदेश २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. तो कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत पसरलेला आहे. एका अंगाला ती झाडी, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीची भिंत, आणि मधून आपला रस्ता.

मोटारीतून हा प्रदेश शंभर वेळा पाहिला होता. पण चढ किती आहे हे मोटारीत कळत नाही. सायकलवर मांड्या सांगतात. आणि चढ कळला की रस्ता कुणी, कशासाठी काढला हेही थोडं थोडं कळायला लागतं.

सकाळी सहाला निघालो. पळसदरीपर्यंत थंडी होती, पळस नुकता कुठे पेटायला लागला होता. इथून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग आज लोकलचा एक फाटा म्हणून ओळखला जातो. केळवली, डोळवली, लौजी, खोपोली, संपलं. पण १८५६ साली हीच मुख्य लाइन होती! जी.आय.पी. रेल्वे मुंबईहून इथवर आली आणि डोंगरापुढे थांबली. दोन वर्षांनी, १८५८ मध्ये, वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट तेवढा राहिला. मग पाच वर्षं लोक खोपोलीला उतरायचे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचे. पालखीत बसणाऱ्यांनी त्या प्रवासाची वर्णनं लिहून ठेवली आहेत. पालखी उचलणाऱ्यांना लिहिता येत नव्हतं.

रेल्वेच्या घाटाचे आकडे मला पाठ आहेत, कारण आजोबा पाढ्यांसारखे म्हणून घ्यायचे. लांबी पावणेसोळा मैलांच्या वर, चढ १८३१ फूट, बोगदे २५, सगळ्यात कडक चढ सदतिसास एक. म्हणजे सदतीस फूट पुढे गेलात की एक फूट वर. सायकलला हा चढ काहीच नाही, गाणं म्हणत चढाल. पण वाफेच्या इंजिनाची लोखंडी चाकं लोखंडी रुळावर याहून फार कडक चढाला घसरतात, म्हणून इंजिनिअर जेम्स बर्कली याला तेवढा डोंगर फोडून वाट लांबवावी लागली. काम १८५६ ला सुरू झालं, १८६३ ला पुरं झालं. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार इंग्लंडहून आला आणि काही दिवसांतच वारला. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट पुढे चालवलं. बाई मोठी जिद्दीची, तिच्याबद्दल आदर आहेच. पण १८६१ च्या सुमारास या घाटात चाळीस हजारांवर माणसं काम करत होती, त्यांतल्या एकाचंही नाव मला वाचायला मिळालेलं नाही. पगार थकले म्हणून १८५९ च्या जानेवारीत त्यांनी दंगा केला, तेवढ्यापुरते ते कागदावर उमटतात. बाकी पटकीने मेले, तापाने मेले, सुरुंगात मेले.

आमच्या घरात एक गोष्ट सांगतात (नातेवाईक मंडळींना माहीतच आहे, लग्नकार्यात निदान एकदा निघते). आजोबांचे आजोबा घाटावरून रेल्वेच्या कामाला आले, बोगद्यावर मुकादम होते, साहेबाने खूश होऊन घड्याळ दिलं, मग ते कर्जतलाच राहिले. घड्याळ कुणी पाहिलेलं नाही.

मी कॉलेजात असताना आजोबांनी मला एकदा शिंग्रोबाला बरोबर नेलं. तेव्हा त्यांना खोपोलीनंतर पायडल मारवेना, आम्ही सायकली ढकलत वर गेलो. कट्ट्यावर टेकल्यावर म्हणाले, "मुकादम कसला रे, पाट्या उचलायचा. दोघं भाऊ आले होते. धाकटा पटकीत गेला. कुठे गाडला, जाळला, काही ठाऊक नाही. खालीच कुठेतरी." म्हणजे ते पाच पैसे त्या धाकट्यासाठी होते. शिंग्रोबा फक्त पत्ता. मी विचारलं, घरी का नाही सांगत? तर हसले, आणि "तुझ्या आजीला मुकादमच आवडतो" म्हणाले.

असो. खोपोलीत चहा प्यायलो. वीरेश्वराचं देऊळ आणि तळं पाहिलं. दोन्ही नाना फडणिसांनी बांधवली. घाट चढण्याआधी आणि उतरल्यावर माणसाला, बैलाला पाणी लागणारच. इथून वर पाहिलं की डोंगरावरून सरळ खाली येणारे टाटांच्या वीजकेंद्राचे नळ दिसतात. १९१५ साली ते सुरू झालं. लोणावळ्याकडच्या तलावांतलं पाणी सुमारे पाचशे मीटर खाली सोडायचं आणि त्या वीजेवर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. पाण्याला चढाचा त्रास नाही, म्हणून नळ सरळ. ती वीज कर्जत तालुक्याच्या डोक्यावरून मुंबईला जायची. माथेरानला नाभिक कुटुंबात जन्मलेले आणि वकील झालेले भाई कोतवाल यांनी १९४२ मध्ये आझाद दस्ता उभा केला तेव्हा त्यांनी नेमके तारांचे मनोरे पाडले. मुंबईला धक्का द्यायचा तर मुंबईला जायची गरज नव्हती, ती इथूनच जात होती. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले.

खोपोलीनंतर खरा घाट. इथला पहिला चाकांचा रस्ता १८३० चा, गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या काळातला. त्याआधी वंजाऱ्यांचे तांडे पाठीवर गोण्या लादलेले बैल घेऊन चढायचे. बैल पायऱ्यासुद्धा चढतो, गाडी चढत नाही. म्हणून रस्त्याला वळणं आली. त्याच १८३० चा दगडी पूल खंडाळ्याच्या अलीकडे होता, अमृतांजनच्या जाहिरातीमुळे अमृतांजन पूल नाव पडलेला. ५ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, तो सुरुंग लावून पाडला. द्रुतगती मार्गावर त्याचे खांब अडचणीचे होते हे खरं. तरी मला वाईट वाटलं, आणि मी ते लपवत नाही. त्या मार्गावर सायकलला बंदी आहे, तेव्हा माझी त्याच्याशी तेवढीच ओळख.

मी सगळ्यात हलक्या गिअरवर चढत होतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा घाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. मी त्या दिवशी घाटाचा पाटीवाला होतो. दोनदा उतरलो, एकदा ट्रकच्या क्लीनरने हात हलवला.

शिंग्रोबाची गोष्ट ट्रकवाले सांगतात ती अशी. साहेबाला घाटातून वाट सापडेना, शिंग्रोबा धनगराने ती दाखवली. साहेब म्हणाला, बक्षीस माग. त्याने मागितलं, आमचा देश सोडून जा. साहेबाने गोळी घातली. आता, वाट काही दडलेली नव्हती, बैलांचे तांडे पिढ्यान्‌पिढ्या तिथूनच जात होते. पण मोजणीला आलेल्या परक्या माणसाच्या पुढे एखादा धनगर चालत असणारच, आणि त्याचं नाव मोजणीच्या नकाशावर आलं नसणारच. एवढं मी मानतो. आजोबांनी त्याला पत्ता का केलं तेही त्यामुळे कळतं.

मी खिशात पाच पैसे शोधून आणले नव्हते. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली. पाच रुपये ठेवले. एक गाडी न थांबता खिडकीतून नाणं फेकून गेली, ते माझ्या चाकाशी येऊन पडलं. तेही उचलून ठेवलं.

उतारावर मनात एकच गोष्ट घोळत होती. बैलवाट, १८३० चा रस्ता, रेल्वे, नळ, तारा, द्रुतगती मार्ग, सगळं इथून पलीकडे जाण्यासाठी झालं. इथे येण्यासाठी काय झालं? खालापूरच्या वाटेवर महडचा फाटा लागला आणि मी हसलो. तिथलं वरदविनायकाचं देऊळ १७२५ साली रामजी महादेव बिवलकरांनी बांधलं, तिथे माणसं मुद्दाम येतात. आणि पलीकडे, पालीच्या रस्त्याकडे चावणीजवळ उंबरखिंड. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान फौज घेऊन कुरवंडा घाटाने उतरला, त्यालाही फक्त पुढे कोकणात जायचं होतं. शिवाजी महाराजांनी अरुंद खिंडीत गाठून त्याला शरण आणलं. जाऊ न देण्याचं हे एक उदाहरण!

चौकला पोचेपर्यंत ऊन तापलं होतं. तिथून इर्शाळगडाचं टोक दिसतं. गडाच्या पोटातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. ठाकरांची वाडी. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता म्हणून जाहीर केली. वर गाडीरस्ता नव्हता, खोदायचं यंत्र नेता येईना, म्हणून चिखलात चालत जाऊन माणसांनी हाताने उकरलं. द्रुतगती मार्ग तिथून डोळ्यांना दिसतो. मी सायकल झाडाला टेकवून बराच वेळ उभा राहिलो. पाणी पीत होतो, दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

चौक-कर्जत रस्ता चढउताराचा आहे आणि दुपारी करू नये. दोन वाजता घरी. आत्याला फोन करून सगळं सांगितलं, धाकट्या भावाचंही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "घड्याळ होतं रे, आई सांगायची." मी वाद घातला नाही. आत्या, तुझ्या त्या पितळी डब्यात जुनी नाणी आहेत ना? पाच पैशांचं एक बाजूला काढून ठेव. पुढच्या शिमग्याआधी येतो.