हौदाचा पाठ

शाळेतील पाण्याचा पाठ बहुधा तोटीपासून सुरू होतो आणि तोटीपाशीच संपतो. दात घासताना तोटी बंद ठेवावी, बादलीने स्नान करावे, गळती दिसल्यास मोठ्यांस सांगावे. उपदेश उत्तम आहे. त्यास कोण हरकत घेईल? परंतु तोटीत पाणी आले कोठून आणि ते कोणाकोणाच्या वाट्यास आले, हे सांगितल्यावाचून टंचाई म्हणजे काय ते मुलांस उमजेल, असे आम्हांस वाटत नाही. पुण्यातील मुलांच्या तर हा इतिहास दाराशीच उभा आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी पाणी अडवून ते जमिनीखालच्या दगडी नळाने शहरात आणण्यात आले. वाफ नाही, वीज नाही. सारा भरवसा उतारावर. कात्रज उंच, शहर सखल, एवढ्या एका गोष्टीवर कारागिरांनी ही किमया साधली. वाटेत ठिकठिकाणी नळावर उच्छ्वास बांधले, म्हणजे कोंडलेली हवा निघून जाई. हे पाणी शनिवारवाड्यास मिळे, तसेच पेठांतील हौदांतही पडे. साततोटी हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी अद्याप आहेत. फडके हौदावरून आम्ही स्वतः शेकडो वेळा गेलो असू. पण ते पाण्याचे नाव आहे, हा विचार फार उशिरा मनात आला!

येथवरचा पाठ अभिमानाचा, आणि म्हणून सोपा. आमचे म्हणणे, वर्गाने आणखी थोडे चालून गंज पेठेतील जोतीराव फुल्यांच्या घरापर्यंत जावे. शहरात हौद होते, त्यांत पाणीही होते. पण ज्यांस अस्पृश्य ठरविले होते त्यांस त्या पाण्याला हात लावण्याची मुभा नव्हती. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. भरल्या हौदाशेजारची ही तहान कोणत्या पर्जन्यमापकाने मोजावी?

याच जोतीरावांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात पाणी अडविण्याचाही विचार मांडला. लष्करातील व पोलिसांतील रिकाम्या शिपायांकडून ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांत मुरेल व पुढे विहिरींस उपयोगी पडेल, अशी त्यांची सरकारास सूचना होती. पाणी मुरविणे आणि पाणी वाटणे हे दोन्ही विषय एकाच माणसाच्या डोक्यात एकत्र नांदत होते. आमच्या क्रमिक पुस्तकांत मात्र पहिला भूगोलात जातो, दुसरा समाजसुधारकांच्या धड्यात, आणि दोहोंची गाठ पडत नाही.

जोतीरावांचे ते घर आज स्मारक म्हणून राखले आहे. वर्ग तेथे नेल्यास एखादे चौकस मूल खात्रीने विचारील, की हौद खुला झाल्यावर शेजारीपाजारी काय म्हणाले असतील? उत्तराची तयारी गुरुजींनी घरूनच करून निघावे.